टिटवीला किती दिसतं? शिरोळकडच्या एका कादंबरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कादंबरीच्या हस्तलिखिताचं आहे. लेखिका शिरोळ तालुक्यातली, माहेर आणि सासर दोन्हीकडं ऊसच, शाळेत शिकवते आणि सुट्टीला रानात असते. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे तपशील बदललेत, बाकी लिहायला तिची हरकत नाही, "लिहा की, फक्त माझं नाव नको" असं तिनंच सांगितलं. आम्ही कोल्हापुरातले चार-पाच वाचणारे लोक राजारामपुरीत एका मित्राच्या डीटीपीच्या दुकानात रविवारी बसतो, कुणाचं हस्तलिखित असलं की वाचतो, भांडतो, लागलं तर एडिट करून देतो. पैशाचा व्यवहार नाही, चहा-भजी मात्र ज्याचं लिखाण त्याच्याकडून.

कादंबरीतलं घर पंचगंगेकाठचं, चार एकरवालं. म्हातारे आबा, थोरला मुलगा, त्याची बायको (सगळे तिला वैनी म्हणतात), तिची लहान मुलगी, आणि धाकटा दीर ज्याची चौतिशी आली तरी लग्न जमत नाही कारण शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोण तयार नाही, एमआयडीसीत हेल्पर असला तरी चालतो पण शेतकरी नको. थोरला पितो आणि बायकोवर हात उचलतो. सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर, साखर कारखान्याचं उसाचं बिल आलं की आधी सोसायटीची कपात, मग जे उरेल ते घरात. आणि चारातलं दीड एकर क्षारपड.

ज्यांनी ही जमीन बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिरोळकडची जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. त्यात वर्षानुवर्षं उसावर ऊस, पाट भरभरून पाणी, वरनं रासायनिक खतं आणि खाली निचरा नाही, मग जमिनीतलं पाणी वर वर येत जातं, येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. उन्हाळ्यात अशा रानावर पांढरा थर दिसतो, लांबनं वाटतं कोणीतरी चुना टाकलाय. आधी ऊस पिवळा पडतो, मग उगवणच विरळ होते आणि शेवटी मालक उसाची लागण करायचंच सोडून देतो.

ही सगळी गोष्ट सांगते कोण, तर टिटवी. आणि टिटवीच का ह्याचं लेखिकेकडं फार पक्कं उत्तर होतं. टिटवी उभ्या उसात राहत नाही, तिला उघडी जमीन लागते, जमिनीवरच चार खडे आणि लेंड्या गोळा करून ती अंडी घालते. म्हणजे घराचं जे दीड एकर गेलं ते गेलं म्हणूनच तिचं झालं. हे ऐकल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला की बाई, हे एवढं हातात असताना तुम्हाला आमची गरज काय? गरज होती, ती पुढं.

नेमकी अडचण

पहिला खर्डा साडेतीनशे पानांच्या वर. आणि त्यातल्या टिटवीला सगळं माहीत. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून नवरा-बायकोचं भांडण ऐकते, सोसायटीच्या सचिवाच्या टेबलावरचा कागद वाचते, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत खात्यावर जमा झाली पाहिजे हा कायदा तिला पाठ, ऊसदरासाठी जयसिंगपूरला भरणाऱ्या ऊस परिषदेवर ती दोन पानं बोलते आणि थोरल्याच्या मनात रात्री काय चाललंय तेही तिला कळतं. शिवाय गोष्ट २००५ च्या पुरापासून २०२१ च्या पुरापर्यंत, आणि पक्षी एकच.

आमच्यातले एक मामा, स्वतः करवीर तालुक्यात ऊस करतात, ते शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ताई, ही टिटवी न्हाई, ह्यो तलाठी हाय."

सगळे हसले, लेखिकापण हसली, पण मामा बोलले ते बरोबरच होतं. मग पक्षी बघत फिरणारा एक पोरगा आमच्यात येतो, त्यानं दुसरा घाव घातला, टिटवी खिडकीत बसूच शकत नाही म्हणाला, झाडावर, तारेवर, खिडकीवर ती बसत नाही, तिच्या पायाचं मागचं बोट नावालाच असतं, फांदी धरता येत नाही. पहिल्या खर्ड्यात ती निदान वीस ठिकाणी कशा ना कशावर बसलेली होती.

म्हणजे अडचण दुहेरी होती. एक तर पक्षी खोटा वाटत होता. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटलं, पक्षी काढून टाकला असता तरी काही बिघडलं नसतं. टिटवीच्या जागी "तो म्हणाला, ती म्हणाली" केलं तरी कादंबरी तशीच चालली असती. मग ती हवी कशाला?

कुठले पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे टिटवी काढायची आणि वैनीच्या तोंडून गोष्ट सांगायची. आमच्यातले निवृत्त मराठीचे सर ह्याच बाजूचे होते, त्यांचं म्हणणं की बाईचं दुःख बाईनं सांगावं, मध्ये पक्षी कशाला. मुद्दा हलका नव्हता. पण लेखिकेनं एका वाक्यात नकार दिला, वैनीनं सांगितलं तर गावात सगळे मलाच वैनी समजतील. हे साहित्यिक कारण नव्हे, पण शिरोळसारख्या भागात राहून लिहिणाऱ्या बाईसाठी खरं कारण आहे, आणि ते आम्ही मान्य केलं.

दुसरा पर्याय पक्षी बदलायचा. कावळा घेतला तर तो परड्यात येतो, पत्र्यावर बसतो, घरातलं बघायला मोकळा. पण मराठीत कावळा आला की पिंड आलाच, वाचक पहिल्या पानापासून कोण मरणार याची वाट बघत बसतो. साळुंकी चांगली होती, वळचणीला राहते, माणसाची नक्कल करते, पण बोलणारी साळुंकी म्हणजे पिंजऱ्यातली, आणि आपल्याकडं ती पाळणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, म्हणजे अजून एक उपकथानक वाढणार. कोतवालाचंही नाव निघालं, म्हशीच्या पाठीवर बसून फिरतो, ऐटबाज आहे. पण ह्यातल्या कुठल्याच पक्ष्याचा त्या दीड एकराशी संबंध नाही. क्षारपड रान आणि टिटवी ही जोडी तोडली तर कादंबरीचा कणाच जातो, हे माझं मत होतं आणि अजून आहे.

तिसरा पर्याय एक प्रकरण टिटवीचं, एक माणसाचं असं आलटून पालटून. प्रकाशकांना असलं आवडतं म्हणे. करून बघितलं थोडं, पण माणसाचं प्रकरण आलं की टिटवीचं प्रकरण वाचक उड्या मारत पुढं ढकलत होता, आम्हीच ढकलत होतो.

चौथा पर्याय सगळ्यात कडक. टिटवी ठेवायची, पण तिला जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं. घरात जायचं नाही. वाचायचं नाही. माणसाच्या मनात शिरायचं नाही. ह्यात साडेतीनशेतली निम्मी पानं जाणार हे उघड होतं आणि लेखिका दोन आठवडे आमच्याकडं आलीच नाही.

काय केलं

ती परत आली तेव्हा चौथाच पर्याय घेऊन आली, आणि सोबत एक गोष्ट घेऊन आली जी आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हती, ती म्हणजे रात्र.

शेतीपंपाची लाईट. आठवड्यात काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास, ही पाळी ऊसवाल्या प्रत्येक घराला पाठ असते. रात्रपाळी असली की बाराला नाहीतर दोनला उठून बॅटरी घेऊन रानात जायचं, मोटर चालू करायची, दारं मोडत, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतनं दुसऱ्या सरीला वळवत, पाणी पाजायचं. आणि टिटवी रात्री जागी असते. अंधारात तिचं ओरडणं ऐकलं नाही असा शेतकरी नसेल, त्यावरनंच तर ती अपशकुनी ठरली, टिटवी ओरडली की कोणतरी जाणार म्हणतात, प्रत्यक्षात बिचारी अंड्यांजवळ कोणतरी आलं म्हणून ओरडत असते.

तर लेखिकेचं म्हणणं असं, की घरात माणूस जे लपवतो ते रात्री रानात लपवत नाही. थोरला मोटारीच्या पेटीजवळ बसून पितो, फोनवर उसने मागतो, एकटाच बडबडतो. वैनी पाणी पाजायला आली की सरीत पाय सोडून बसते. धाकटा कुणाशीतरी हळू आवाजात बोलतो आणि हसतो, तो घरात कधीच हसत नाही. हे सगळं टिटवीला दिसतं, कारण ती तिथंच असते आणि तिला झोप नाही. घरात न शिरता घर कळायची वाट निघाली.

मग नियम ठरले. काळ कमी केला, २०१८ चा गळीत हंगाम ते २०१९ ची दिवाळी, म्हणजे टिटवीच्या अंडी घालण्याचा एक पूर्ण मोसम त्यात बसतो. आकडे, कायदे, सोसायटी, बँक हे फक्त माणसांच्या तोंडून, टिटवी ते ऐकते पण तिला त्याचा अर्थ नाही. तोडीच्या वेळी कारखान्याचा चिटबॉय (तोडीची नोंद ठेवणारा) येतो, तोडणी टोळीचा मुकादम खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागतो, धाकटा घासाघीस करतो, ह्या सगळ्यात टिटवीचं लक्ष मात्र ऊस पडल्यावर पाल्यातनं जे किडे बाहेर पळतात त्यांच्याकडं. मला हे प्रकरण फार आवडलं, कारण पैशाचं बोलणं मागं चालू राहतं आणि वाचक ते चोरून ऐकल्यासारखं ऐकतो.

फरक कळावा म्हणून एकच जागा देतो, लेखिकेला विचारून. पहिल्या खर्ड्यात होतं:

"बँकेची नोटीस वाचून त्याच्या मनात काळोख दाटला. आपण बापाची जमीन राखू शकलो नाही ही खंत त्याला पोखरत होती."

तेच नंतर असं झालं:

"दोन पाय बांधावरनं आले. एक ओढत होता. कागद फाडल्याचा आवाज झाला, बराच वेळ झाला, बारीक बारीक होत गेला. तुकडे रानावर पडले, पांढऱ्यावर पांढरे. तो गेल्यावर मी एक तुकडा चोचीनं उलटून बघितला. खाली किडा नव्हता."

दुसरं वाचल्यावर दुकानात कोण काही बोललं नाही, मामांनी फक्त "आता हाय टिटवी" एवढं म्हटलं.

भाषेवर फार वाद झाला नाही. टिटवीचं निवेदन साधं, सरळ, आणि माणसं बोलतात ती शिरोळकडची बोली, "काय करतीस गं", "जेवलासा काय" अशी, एवढ्यावर भागलं.

पुराचं प्रकरण

इथं सगळ्यात जास्त घासाघीस झाली. पहिल्या खर्ड्यात ऑगस्ट २०१९ च्या पुरावर साठेक पानं होती, बोटी, हेलिकॉप्टर, पत्र्यावर बसलेली माणसं, कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, जिथं धोक्याची पातळी ४३ आहे, सगळं होतं. लेखिकेनं ते स्वतः भोगलेलं, त्यामुळं त्यातलं काही काढा म्हणायला आमची जीभ उचलत नव्हती.

पण पाणी रानात आलं की टिटवी तिथं राहीलच कशी? जमिनीवर राहणारा पक्षी, जमीनच नाही. ती उडून उंच माळाला जाणार. म्हणजे कादंबरीतली सगळ्यात मोठी घटना निवेदकाच्या डोळ्यासमोर घडतच नाही. सर म्हणाले वाचक पैसे परत मागेल. मी म्हटलं बघू तरी लिहून. मामांनी वेगळंच विचारलं, पुरात तुमची जनावरं कुठं नेली होती? लेखिका म्हणाली माळालाच की, सगळ्या गावाची जनावरं माळाला होती.

झालं. टिटवी माळाला, म्हशी माळाला, आणि म्हशींबरोबर वैनी माळाला, कारण थोरला घर सोडायला तयार नाही आणि धाकटा होडीवर गेलाय. साठ पानांची पंधरा झाली. पाणी किती चढलं ते माणसं एकमेकांना ओरडून सांगतात, "राजारामला ४५ झालं म्हणं", आणि टिटवीला एवढंच कळतं की जिकडनं ती आली तिकडं आता सगळं चकाकतंय. आठवडाभर वैनीवर कुणी हात उचलत नाही. ओल्या माळावर, उपाशी जनावरांत, ती पहिल्यांदा रात्रभर झोपते. हे लेखिकेनं एका ओळीत लिहिलंय आणि पुढं काही स्पष्टीकरण दिलं नाही, मी तिथं हात लावला नाही.

आबांच्या शकुनाचाही प्रश्न होता. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हे आपल्याकडं म्हणतात. खर्ड्यात टिटवीला पूर येणार हे आधीच कळलेलं. ते काढलं. आता शेजाऱ्यानं पाणी सोडून खालची बाजू चिखल केली म्हणून ती बांधाजवळ वर अंडी घालते, आबा ते बघून "यंदा पाणी चढतंय बघ" म्हणतात, आणि चढतं. शकुन मानायचा की नाही ते वाचकावर. पंचतंत्रातली टिटवीची अंडी पळवणाऱ्या समुद्राची गोष्टसुद्धा आधी टिटवीच सांगायची, ती आता आबा नातीला बांधावर बसून सांगतात.

घरातली मारहाण

हा निर्णय मला अजूनही पूर्ण पटलेला नाही, म्हणून वेगळा लिहितोय. नियमाप्रमाणं घरातली मारहाण दिसणारच नव्हती. फक्त खुणा. एका रात्री वैनी डाव्या हातानं दार मोडते, एरवी ती उजव्यानं मोडते. बांगड्यांचा आवाज एक दिवस येतच नाही. मुलगी आईच्या पदराला धरून रानात येते आणि परत जायला नको म्हणते.

एका बाजूनं हे फार ताकदीचं झालं. दुसऱ्या बाजूनं, मारणारा माणूस पानावर कधी मारताना दिसतच नाही, उलट रात्री एकटा रडताना दिसतो, त्यामुळं वाचकाची माया त्याच्याकडं झुकते. मी म्हटलं एक तरी प्रसंग रानात घडू दे, टिटवीच्या डोळ्यासमोर. लेखिकेचं उत्तर, असली माणसं चारचौघांत आणि उघड्यावर हात उचलत नाहीत, म्हणूनच तर गाव त्यांना चांगलं म्हणतं. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी मधला मार्ग निघाला, थोरला अंड्यांजवळ येतो तेव्हा टिटवी पंख मोडल्याचं सोंग करून त्याला लांब नेते, आणि तो चिडून तिच्यावर खोरं फेकतो, ज्या पद्धतीनं फेकतो ते बघून मागं उभी असलेली वैनी आपोआप डोक्यावर हात घेते. तेवढंच.

शेवट

मूळ शेवट थोरल्याच्या आत्महत्येचा होता. इथं आम्ही सगळेच अडलो. शेतकरी म्हटलं की शेवट तोच, असं पेपर आणि सिनेमे बघून ठरून गेलंय, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहूची गोष्ट उचलून पंचगंगेकाठी ठेवली तर ती बसत नाही. इथलं दुखणं बाहेरनं दिसत नाही, दारात ट्रॅक्टर असतो, पोरगं बुलेटवर असतं, आणि आत बिलाची वाट, वाटणीची भांडणं, मेलेली जमीन आणि न जमणारी लग्नं. लेखिकेला हे आम्ही सांगायची गरज नव्हती, तिनं तो शेवट "कादंबरीला वजन पाहिजे" म्हणून घातला होता, असं तीच म्हणाली.

आताच्या शेवटात वैनी मुलीला घेऊन माहेरी जाते, टिटवीला ते फक्त पावलं कमी झाल्यावरनं कळतं. धाकटा हिंमत करून क्षारपड रानात निचऱ्याचं काम काढतो, जमिनीखाली भोकाचे पाईप टाकून खारं पाणी बाहेर काढायचं, शिरोळ तालुक्यात हे काम बऱ्याच शेतकऱ्यांनी मिळून केलंय आणि मेलेल्या जमिनी परत पिकायला लागल्यात. जेसीबी येतो, चर खणतो. घरासाठी ही पूर्ण कादंबरीतली पहिली चांगली बातमी, आणि टिटवीचं रान जातं.

पुढं काय झालं

एका प्रकाशकानं "पक्षी काढा, मग बघू" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यानं घेतलं, पण पुराचं प्रकरण वाढवा म्हणाला, लेखिकेनं नाही म्हटलं, त्यानं तरी घेतलं. छापायचं काम चालू आहे.

दरम्यान तिनं छापील खर्डा गावातल्या काही बायकांना वाचायला दिला. त्यांच्या प्रतिक्रिया आमच्यापेक्षा थेट. पुराचं माळावरचं प्रकरण दोघींनी परत परत वाचलं. एकीनं विचारलं की वैनी माहेरी गेल्यावर तिथं तिला ठेवून घेतलं का, ते का नाही लिहिलं? टिटवी तिथं नाही म्हणून, असं लेखिकेनं सांगितलं, तर ती म्हणाली, "मग टिटवीला न्यायची हुती की संगं."

वेगळं काय करता आलं असतं

वाचकांचा क्रम. गावातल्या बायकांना शेवटी विचारलं, त्याऐवजी मारहाणीचा निर्णय व्हायच्या आधी विचारायला हवं होतं, दुकानात बसणाऱ्यांत लेखिका सोडली तर बाई नव्हती, आणि त्या प्रश्नावर आम्ही बाप्येच जास्त बोललो. आता पुढच्या हस्तलिखितापासून हे बदललंय.

नियम आधी की खर्डा आधी, ह्यावर आमच्यात एकमत नाही. पक्षीवाल्या पोराचं म्हणणं, निवेदक प्राणी असेल तर लिहायला बसायच्या आधीच त्याला काय दिसतं, कुठं बसतो, कधी जागा असतो हे कागदावर काढावं, निम्मी मेहनत वाचते. लेखिकेला ते पटत नाही. ती म्हणते साडेतीनशे पानं लिहिली म्हणूनच मला ते घर आतनं कळलं, टिटवीला माहीत नसलं तरी मला सगळं माहीत पाहिजे. मी तिच्या बाजूचा आहे, पण ज्याला नोकरी, घर आणि रान सांभाळून लिहायचंय त्याला पोराचा सल्ला जास्त कामाचा.

आणि बाई माहेरी गेल्यावर काय झालं हे विचारणारीचा प्रश्न. लेखिका आता त्यावर लिहितेय, ह्या वेळी वैनीच्याच तोंडून. गाव काय समजायचं ते समजू दे म्हणाली.